भिंत पाडल्यावरची नागवेल

आमच्या घरात झाड सुकलं की दोनच गोष्टी विचारतात. पाणी घातलं होतं का, आणि हात कुणाचा लागला. तिसरं काही कारण असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मागच्या उन्हाळ्यात हे तिसरं कारण सांगून सांगून मी बेजार झाले. अजूनही तो विषय निघाला की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो, आणि आमचा मुलगा हळूच मोबाईल घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. कागद तरी उठून जात नाही.

आमचं गाव परभणीकडं, चुडाव्याच्या बाजूचं. घर नवं, स्लॅबचं, पण परस जुनंच राहिलेलं. परसात न्हाणी, न्हाणीच्या सांडपाण्यावर हादग्याचं झाड, आणि त्या झाडावर चढलेली नागवेल, विड्याच्या पानाची. ही वेल आमच्याकडं घरोघरी असते असं नाही. तिचे लाड करावे लागतात. सासूबाईंनी त्यांच्या माहेरून कांडी आणून लावलेली. पुष्कळांना ठाऊक नसतं, नागवेलीचं बी ठेवून चालत नाही. पेर असलेली कांडी मातीत लावायची, तिलाच मूळ फुटतं, तीच पुढं चालते. म्हातारी झाली की खाली उतरवायची, वेटोळं करून मातीत दाबायची आणि शेंडा पुन्हा झाडावर चढवायचा. म्हणजे सासूबाईंच्या माहेरी जी वेल होती तीच ही. तिची लेक नाही, नात नाही, तीच. गेली तर गेली, डब्यात बी ठेवलंय असं म्हणायची सोय नाही.

सोमवारी महादेवापुढचा विडा ह्याच वेलीचा. लग्नकार्यात गल्लीतली माणसं ह्याच वेलीची पानं मागून नेणार. आणि जेवण झाल्यावर माझ्या तोंडातलं पानही हिचंच, खोटं कशाला बोलू. देवापेक्षा मीच जास्त पानं संपवली असतील.

परसाला मावळतीकडून मातीची भिंत होती. माणसाच्या डोक्याच्या वर उंच, चांगली रुंद, वरून पावसानं खाल्लेली. भिंतीपलीकडं उघडं रान, लांबपर्यंत आडोशाला झाड नाही. मुलानं ट्रॅक्टर घेतला आणि तो उभा करायला जागा मिळेना. रस्त्यावर लावला की येणारे जाणारे बोलायचे. भिंत पाडली की ट्रॉलीसकट मागून सरळ आत. मलाही ते पटलं होतं, हेही सांगते. भिंतीला पोक आलं होतं, एखाद्या दिवशी कुणाच्या अंगावर आली असती. थंडी सरता सरता जेसीबी आलं, आणि त्याच्या ड्रायव्हरसाठी ठेवलेला चहा उकळेपर्यंत भिंत भुईसपाट झाली. परस एकदम मोठं दिसायला लागलं. सून म्हणाली, "आत्याबाई, आता दिवस मावळताना इथूनच दिसायलाय." मी म्हटलं, घे, फुकटात देखावा.

ऊन तापायला लागलं आणि त्याबरोबर वारं सुटलं. आमच्याकडं उन्हाळ्यात मावळतीचं वारं येतं ते कोरडं, गरम. तव्यावरून फुंकर यावी तसं. दुपारी वेलीची पानं माना टाकायला लागली. संध्याकाळी वारं पडलं की पुन्हा उभी राहायची. मला वाटलं, उन्हाळा आहे, चालायचंच. मग शेंड्याची कोवळी पानं आत वळायला लागली. मोठ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, त्याही एकाच अंगाच्या, मावळतीकडच्या. हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण दिसणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं.

मुलगा म्हणाला, "माय, पाणी कमी पडायलंय तिला."

"न्हाणीचं सगळं पाणी तिलाच जायलंय की."

"तेवढ्यानं काय होतंय. उन्हाळा लय हाय औंदा."

मग मी सकाळ-संध्याकाळ बादली ओतायला लागले. मुलानं बोअरचा पाइप आणून सोडला. खाली चिखल झाला, पाय टाकला की रुतायचा, आणि वर पानं तशीच पडलेली. ज्याचे पाय पाण्यात आहेत त्याच्या घशाला कोरड पडावी, असला प्रकार. मी वेलीशी बोलायलासुद्धा लागले. म्हटलं, बाई, आता आणखी काय पाजू तुला.

आणि मग अक्का आल्या. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. पलीकडच्या गल्लीत राहतात, पण त्यांचं लक्ष आमच्या परसात असतं. त्यांनी एक पान उलटं केलं, कड बोटांत चोळली. भाजलेल्या पापडासारखी चुरली ती.

"हिला हात कुणाचा लागायलाय?" अक्का म्हणाल्या.

"माझा. आणि सुनेचा."

"सून चारी दिवस पान तोडती का?"

मला कळलं त्यांना काय म्हणायचंय. नागवेलीला बाईची पाळी चालत नाही, असं जुन्या बायका मानायच्या. पानमळ्यात तर चपलासुद्धा बाहेर काढायच्या. पाळीतल्या बाईची सावली पडली की वेल जळते म्हणे. पण आमचं घर शिवभक्तांचं, गळ्यात लिंग असतं. आमच्यात विटाळ मानायचा नाही, असं आमच्याच आज्या-पणज्या सांगत आलेल्या. मी तेच म्हटलं.

"अक्का, आपल्यात विटाळ न्हाई मानत. गळ्यात लिंग हाय."

"लिंगाला न्हाई विटाळ. नागवेलीला हाय. त्या दोघांचा एकमेकाशी काय संबंध?"

अक्का एवढ्या ठामपणे बोलतात की समोरच्याचं बरोबर असलं तरी त्यालाच शंका यायला लागते. आणि सून न्हाणीत कपडे धूत होती. तिनं सगळं ऐकलं. बाहेर आली ती पिळलेले कपडे खांद्यावर टाकून, वेलीपासून लांबून, परसाच्या पार कडेकडेनं. त्या दिवसापासून ती वेलीकडं फिरकली नाही. मी म्हटलं, जा, दोन पानं आण, तर म्हणायची, "तुमीच आणा, आत्याबाई. उगं माझ्यावर नको." आणि अक्कांनी गल्लीत सांगायचं ते सांगून झालं होतंच. नळावर एकीनं मला विचारलं, "सूनबाईनं वेल जाळली म्हणं?" जशी काही काडी लावली तिनं.

माझा जीव इथंच जळायचा. वेल जाते ते दुःख होतंच. पण वेल मेली की ते सुनेच्या नावावर कायमचं चिकटणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. उद्या शेळी आटली तरी तिचाच हात. मुलाला म्हटलं, तू तरी अक्कांना काही बोल. तो म्हणाला, "बायकांच्या भानगडीत मी कशाला पडू?" वेल काय, सून काय, सगळ्या बायकांच्या भानगडी. भिंत पाडायची तेवढी पुरुषांची.

हे वारं माझ्या ध्यानात आलं ते लुगड्यामुळं. माझं नऊवारी लुगडं लांब. ते दोरीवर टाकलं की अर्धं न्हाणीच्या भिंतीच्या आड यायचं आणि अर्धं पुढं उघड्यावर. मी काढायला गेले तर उघड्यावरचं अर्धं कडकडीत वाळलेलं, आणि आडोशाचं अजून दमट. ऊन दोन्हीकडं सारखंच. सावली कुठंच नाही. मी तिथंच लुगडं हातात धरून उभी राहिले. मनात म्हटलं, पान तरी काय असतं, ओलं कापडच की. भिंत होती तोवर आडोशात होतं, आता दोरीवर टाकल्यासारखं उघडं पडलंय. माझी बादली एका वेळची आणि वाऱ्याचं पिणं दिवसभराचं. कसं पुरणार?

सुनेला हाक मारून दाखवलं. ती बारावीपर्यंत शिकलेली, सायन्सला होती. तिनं लुगड्याची दोन्ही टोकं चाचपून पाहिली आणि म्हणाली, "बरोबर हाय, आत्याबाई. पानाला खालून बारीक बारीक तोंडं असतात, त्यातून वाफ निघती. वारं नसलं की ती वाफ पानाभोवतीच राहती, पांघरूण घेतल्यावानी. वारं आलं की पांघरूण उडतं. पान पुन्हा वाफ सोडतं, पुन्हा उडती. वरून एवढं जायलंय की मुळं तेवढं पुरवू शकत न्हाईत. मग पान तोंडं मिटून घेतं आणि कडेनं जळतं."

मी म्हटलं, "हे तुला ठाऊक होतं तर अक्काला का न्हाई सांगितलं?"

"मला कुणी इचारलं? मला तर लांब उभं केलंय."

संध्याकाळी मुलगा रानातून आला, तसं मी त्याला लुगडं दाखवलं. त्यानं त्यावर हात पुसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "माय, वारं काय आजचं हाय का? आज्याच्या टायमाला न्हवतं का वारं?"

"तवा भिंत होती."

"भिंत काय पाणी पाजत होती का तिला?"

"न्हाई. पिणाराला अडवत होती."

तो हसला. त्याच्या हसण्याचाच मला राग येतो. म्हणाला, झाडाला वारं लागायलाच पाहिजे, मोकळं असलं की झाड चांगलं वाढतं. थोडं वारं लागावं हे मलाही कळतं. पण थोडं आणि दिवसभर ह्यात काही फरक आहे की नाही? पुन्हा काही आडवं उभं करायचं म्हटलं तर ट्रॅक्टर कुठून यायचा, हा त्याचा सवाल. म्हणजे प्रश्न वाऱ्याचा नव्हताच, ट्रॅक्टरचा होता.

मग मीच उपाय केला. रानडुकरांना हुसकवायला शेताभोवती बांधतात तसल्या जुन्या साड्या घरात पडून होत्या. न्हाणीच्या कोपऱ्यापासून परसात रोवलेल्या बाभळीच्या मेढीपर्यंत दोरी बांधली आणि त्या साड्या टांगल्या. निळी, गुलाबी, एकीवर मोठाली फुलं. मागच्या वाटेनं जाणारा एक जण थांबला. म्हणाला, "काकू, आता घरात पण डुकरं यायलेत का?"

मी म्हटलं, "आत्ताच एक येऊन थांबलंय."

तो हसत हसत गेला, पण माझं हसू दुपारपर्यंतच टिकलं. साड्या वाऱ्यानं शिडासारख्या फुगल्या, आणि वारं वाढलं तशा फटाफट वेलीवरच आपटायला लागल्या. जी चार चांगली पानं राहिली होती ती फाटली. कापड वाऱ्याला अडवत नाही, वाऱ्याच्या हातातली छडी होतं, हे मला आधी सुचायला नको होतं का? सूनही दारातून बघत होती. म्हणाली, "आत्याबाई, त्याला गाळून आत सोडायला पाहिजे. एकदम अडवलं की ते वरून उलटून येतं."

गाळायचं म्हणजे कूड, काड्यांची विरळ भिंत. पूर्वी तुरीच्या वाळक्या तुराट्यांचे कूड असायचे सगळीकडं, फटीफटीतून वारं यायचं पण दमून यायचं. आता तूर मशीननं काढतात, चुली गेल्या, तुराट्या ठेवतोय कोण? गावभर विचारलं. शेवटी आमच्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पऱ्हाट्यांचा ढीग होता, जाळायचा राहून गेलेला. कपाशीची वाळकी झाडं हो ती. मी आणि सुनेनं त्या वाहून आणल्या, आणि ट्रॅक्टरची वाट सोडून वेलीपुरताच आडवा कूड बांधला. हाताला नुसते ओरखडे. मुलगा नुसता बघून गेला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं मेढी ठोकून पक्क्या केल्या, तेवढं त्याचं मानते.

आणि खरंच, कुडामागं वारं मंदावलं. पानांचं वळणं थांबलं. मी दोन दिवस खुशीत होते. मग वेलीच्या बुडाशी काळं पडलेलं दिसलं. बोटानं दाबलं तर मऊ. वास यायला लागला. आम्ही महिनाभर ओतलेलं पाणी खाली सडत बसलं होतं. पानं वाऱ्यानं जाळली आणि मुळं आम्ही बुडवली.

मुलगा म्हणाला, "बघ माय. वाऱ्यानं न्हाई, पाण्यानं गेली."

"पाणी कशापायी घातलं? वाऱ्यानं पान पडलं म्हणून. आणि पाइप कुणी आणला?"

"तूच म्हणलीस आण."

मी म्हटलं होतं का ते मला आठवेना, आणि त्यावरून आमची चांगली हुज्जत झाली. त्यात वेल तिथल्या तिथं राहिली आणि आम्ही दोघं पाइपवर भांडत बसलो.

अक्का समाचाराला आल्या, जसं काही घरात माणूस गेलंय. ओट्यावर बसून म्हणाल्या, "मी सांगितलं होतं. आता कुणाला बोलून काय फायदा."

मी बुडाकडं न बघता वर बघत होते. हादग्याच्या वरच्या फांदीत वेलीचा थोडा भाग अजून हिरवा होता. पेरांवर बारीक मुळ्या दिसत होत्या. म्हटलं, आहे, अजून आहे. सुनेला हाक मारली, "पोरी, विळा आण. वरच्या हिरव्या कांड्या तोड, आपण दुसरीकडं लावू."

ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. हळूच म्हणाली, "आज नको, आत्याबाई. आज तुमीच तोडा."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि समजले. अक्काही समजल्या, कारण त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

मी म्हटलं, "कळलं मला. तूच तोड."

"आणि न्हाई लागल्या तर?" ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, अक्कांना ऐकू जाईल न जाईल असं. "उन्हाळ्यात कांड्या लागायच्या आधीच अवघड. वाळल्या तर सगळं माझ्याच नावावर जाईल ना. जन्मभर ऐकून घ्यावं लागंल मला."

तिचं खरं होतं. म्हटलं तर मी तिलाच पणाला लावत होते. पण मग म्हटलं, "मी लावल्या आणि लागल्या, तर काय म्हणतील? तुझा हात न्हाई लागला म्हणून लागल्या. मग तू कायमची लांबच. तुला काय करायचं ते तू ठरव, मी बळजबरी न्हाई करत."

तिनं पदर खोचला आणि ती विळा घेऊन शिडीवर चढली. अक्का उठल्या आणि चहा न घेता गेल्या. आमच्याकडं चहा न घेता जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना विचारा.

जागा सुनेनंच शोधली. देवापुढची उदबत्ती पेटवून हातात धरली आणि सगळ्या परसात हिंडली, धूर कुठं सरळ वर जातो ते बघत. कुडामागं थोडा डुलायचा. न्हाणीच्या कोपऱ्यात तर भोवराच. उगवतीच्या अंगाला घराची भिंत आणि कडब्याची खोली, ह्यांच्यामधी एक अरुंद बोळी आहे, तिथं धूर दोऱ्यासारखा सरळ उभा राहिला. तिथं तिनं माती उकरली, थोडं शेणखत मिसळलं, कांड्या आडव्या दाबल्या. पाणी तांब्यानं, तेही माती हातानं बघून. मी पाइपला कुणाला हात लावू दिला नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. एकेक कांडी वाळत गेली. सून सकाळी उठली की चहा नाही, दूध नाही, आधी बोळीत. मी तिच्या मागून. "काय?" "ही पण गेली." मला वाटायचं, मी तिला उगाच ह्यात ढकललं. सोमवारचा विडा परभणीच्या बाजारातून मागवलेल्या पानांचा, आणि ती पानं तोंडात घातली तरी मला गोड लागेनात.

शेवटी दोनच कांड्या राहिल्या. त्यातल्या एकीच्या पेरातून हिरवा ठिपका आला, तो पान झाला, मग त्याच्याखाली दुसरं. दुसऱ्या कांडीनंही मागाहून जीव धरला. पाऊसकाळ सरेपर्यंत वेल घराच्या भिंतीला धरून माझ्या खांद्याएवढी झाली. पानं लहान आहेत, पण कडा धड आहेत. मुलानं न सांगता तिला चढायला बाभळीची एक वाळकी फांदी आणून उभी केली. पण बोळीवर स्लॅब टाकून खोली काढायचं त्याच्या मनात अधूनमधून येतं, ते वेगळंच. ते आलं की मी ऐकू न आल्यासारखं करते.

दिवाळीनंतर अक्का आल्या. मधल्या काळात कधी कधी भेटायच्या, पण परसात येत नव्हत्या. त्या दिवशी सरळ बोळीत गेल्या, वेल खालून वर पाहिली, पान उलटं करून पाहिलं.

"जागा चांगली हाय ही," अक्का म्हणाल्या. "झोत लागत न्हाई. तिकडं लय वारं होतं, तिकडं कशी जगणार होती ती?"

मी थक्क झाले. म्हटलं, "अक्का, मी उन्हाळाभर दुसरं काय सांगत होते?"

"तू कुठं सांगितलंस? तू नुसती साड्या बांधत होतीस."

सून माझ्यामागं उभी होती. तिला हसू आवरेना, तोंडावर पदर धरला तिनं. मला मात्र हसू आलं नाही. विटाळाचा शब्द अक्कांनी परत काढला नाही, चुकलं असंही म्हणाल्या नाहीत. गल्लीत जे पसरवलं ते परत गोळा करायला कोण जाणार? नळावरची ती बाई अजून सुनेकडं बघून शेजारणीच्या कानाला लागते. एवढा उन्हाळा काढला, वेल जगवली, आणि शेवटी काय, तर जागा चांगली हाय.

अक्का तिथंच कट्ट्यावर बसल्या. "पान दे गं एक," त्या सुनेला म्हणाल्या.

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. तिनं वेलीवरचं खालचं, त्यातल्या त्यात मोठं पान देठासकट तोडलं, पुसलं, चुना-कात लावला, सुपारी घातली आणि घडी करून अक्कांच्या हातावर ठेवलं. अक्कांनी ते तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत बसल्या, गल्लीतल्या कुणाच्या तरी बाळंतपणाचं सांगत. उठताना म्हणाल्या, "चुना कमी पडला."

सून म्हणाली, "उद्या या, जास्त लावते."